लहान कुत्र्याचं वजन उतरवताय? या चुका टाळा (आणि आधी घरातल्यांवर नजर ठेवा)

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात संध्याकाळी फिरायला निघालं की एक तरी पग, पॉमेरियन नाहीतर डॅशहंड असा भेटतोच ज्याला कंबर म्हणून काही उरलेलीच नाही, वरून बघितलं तर थेट वरवंटा. आणि मालक विचारतात, "काकू, तुमच्या छोटूचं वजन कसं काय उतरलं हो, आम्हाला पण सांगा ना," आणि मी सांगायला लागले की तिसऱ्या वाक्याला त्यांची नजर मोबाईलवर, कारण त्यांना हवं असतं औषधाचं नाव. तसं औषध माझ्याकडे नाही, होती ती फक्त एक वही आणि एक काटा.

छोटू म्हणजे आमचा पग. आणला तेव्हा ओंजळीत मावायचा म्हणून छोटू, आणि पाचव्या वर्षी १२.८ किलो. पगचं वजन साधारण ६ ते ८ किलोच्या घरात असावं, आमचा हाडापेराने जरा मोठा म्हणून डॉक्टरांनी ८.५ ठरवून दिलं. तिथपर्यंत पोचायला जवळजवळ एक वर्ष लागलं, त्यातले पहिले दोन महिने पूर्ण वाया, आणि ते का ते आधी सांगते कारण दहातल्या आठ घरांत हीच भानगड असते.

चूक पहिली: वाटीतलं मोजायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं

मी सगळं नीट केलं होतं. डॉक्टरांनी हिशोब शिकवला होता, म्हणजे कुत्र्याचं जे वजन व्हायला हवं त्यावरून दिवसाच्या कॅलरी काढायच्या, आता जे आहे त्यावरून नाही. ८.५ किलोसाठी साधारण ३५० येतात. त्यातला दहावा भाग खाऊचा म्हणून बाजूला ठेवायचा, बाकीचं त्याचं कोरडं खाणं. आमच्या पिशवीवर १०० ग्रॅमला ३६० कॅलरी लिहिलंय, म्हणजे झालं ८५-९० ग्रॅम. दोन वेळेला वाटून, काट्यावर मोजून, आणि दूध-पोळी पूर्ण बंद. (दूध-पोळी बंद केली त्या दिवशी सासूबाई माझ्याशी बोलल्या नव्हत्या, ते असो.)

महिन्याने वजन केलं तर १२.७. दुसऱ्या महिन्यात परत १२.८. मी वैतागले, डॉक्टर म्हणाले थायरॉइड बघू, रक्त दिलं, रिपोर्ट स्वच्छ.

मग एक दिवस नानांना ताप आला. नाना म्हणजे माझे सासरे, सकाळी सहाला छोटूला फिरवायचं काम त्यांचं. त्या दिवशी मी घेऊन गेले. गेटातून बाहेर पडलो तशी मी डावीकडे वळले तर हा उजवीकडे ओढायला लागला, ज्या कुत्र्याला घरात एक जिना चढायचा कंटाळा तो जवळजवळ पळत कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या ठेल्यापर्यंत गेला आणि ठेल्याच्या डाव्या चाकापाशी बसला. बसला म्हणजे कसा, शेपूट नीट आवरून, लग्नाच्या पंगतीत बसतात तसा. ठेलेवाल्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कागदाचा तुकडा फाडला, त्यावर अर्धी गरम जलेबी, बाजूला चिमूट म्हणता म्हणता मूठभर सेव, कागद खाली ठेवला आणि मग वर बघून म्हणाला, "आज नाना नहीं आए?"

दोन महिने! मी इकडे ८७ ग्रॅम की ९० ग्रॅम करत बसलेय आणि तिकडे रोज अर्धी जलेबी आणि सेव, म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी. ३५० मधले दीडशे. जवळजवळ अर्ध्या दिवसाचं खाणं, तेही सकाळी सातच्या आत.

घरी येऊन नानांना विचारलं तर म्हणाले, "अगं, पोहे नाही हो देत त्याला, त्यात कांदा असतो ना, मला माहितीये." यावर काय बोलणार. कांदा नाही दिला हे मात्र खरंच नशीब, कारण कच्चा असो की शिजवलेला, कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि लहान कुत्र्याला तर थोडासाही पुरतो. मनुका आणि द्राक्षंही तशीच, त्याने किडनी जाते, त्यामुळे शिऱ्यातला मनुका काढून बाजूला टाकलात तर तो कुठे पडतो तेवढं बघा.

नानांना रागावून उपयोग नव्हता, ऐंशीच्या पुढचा माणूस. त्यांना पटला तो एकच मुद्दा. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर एक मोठा अभ्यास झाला होता, २००२ साली छापून आला, त्यात एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या केल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, जन्मभर. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. नाना ऐकून घेत होते, मग म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं?" म्हटलं हो, जवळजवळ. दुसऱ्या दिवसापासून नानांच्या खिशात काकडीच्या फोडींची डबी. ठेल्यापाशी थांबणं सुटलं नाही, फक्त कागदावर आता काकडी पडते, आणि पहिला आठवडाभर छोटू त्या काकडीकडे आणि ठेलेवाल्याकडे आळीपाळीने बघायचा.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. सकाळी दिवसभराचं सगळं खाणं मोजून एका झाकणाच्या डब्यात काढते आणि तो डबा ओट्यावर असतो. ज्याला लाड करायचेत त्याने त्यातून चार दाणे द्या, कामवाल्या मावशींनी द्या, मुलांनी द्या, पाहुण्यांनी द्या. डबा रिकामा झाला की दुकान बंद. मला यापेक्षा मोठी पद्धत माहीत नाही, आणि लोक तेवढंही करत नाहीत.

कप, वाटी, ओंजळ

पिशवीसोबत जो प्लास्टिकचा कप मिळतो तो फेकून द्या. मी एकदा मुलाला "एक कप" घालायला सांगून नंतर काट्यावर ठेवलं, माझा कप ६० ग्रॅमचा, त्याचा शीग लावून ८२. मोठ्या कुत्र्याला २२ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण ज्याचं दिवसाचं खाणंच ९० ग्रॅम त्याला हा चौथा हिस्सा झाला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, चकलीच्या भाजणीलाही उपयोगी पडतो.

पिशवीवरचा तक्ता बघताना लोक कुत्र्याचं आत्ताचं वजन शोधतात, १२ किलोच्या रांगेतलं खाणं घालतात आणि १२ किलोवरच राहतात. हौसेहौसेने.

तूप. "केस चमकतात हो." एक चमचा तूप ४५ कॅलरी, म्हणजे छोटूच्या दिवसाचा आठवा भाग. केसांचं बघू नंतर.

मारी बिस्किट हलकं नसतं, ते फक्त दिसायला पातळ असतं.

चूक दुसरी, आणि ही माझी स्वतःची: पळवून वजन उतरवणं

जलेबी प्रकरणानंतर मला घाई झाली. दोन महिने गेलेत तर भरून काढू, अशी ती डोक्यात घाई, आणि मे महिना. सकाळी आठ वाजता, कारण त्याआधी डबे, मी छोटूला बागेच्या चार फेऱ्या मारायला नेलं. इंदूरचा मे म्हणजे आठ वाजता ऊन चटका देतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिसऱ्या फेरीला त्याचा श्वास करवतीसारखा यायला लागला, जीभ नेहमीच्या गुलाबीऐवजी जांभळट, तोंडातून चिकट दोऱ्यासारखी लाळ, आणि मग मागचे पाय वाकडे पडायला लागले. माळीदादांनी झाडांना लावलेला पाइप ओढून आणला, आम्ही त्याला पोटापासून पायापर्यंत भिजवला, एक जण पेपरने वारा घालतोय, आणि तसाच ओला रिक्षात टाकून डॉक्टरकडे. वाचला. डॉक्टर मला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही.

कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतो, आणि पगचं नाकच चपटं, त्यात गळ्याभोवती चरबी, म्हणजे जाड पग उन्हात पळवणं हा व्यायामच नाही. आणि एवढं करून मिळतं काय, दहा किलोचा कुत्रा किलोमीटरभर चालला तर दहा-पंधरा कॅलरी. अर्धं मारी बिस्किट. वजन वाटीतून उतरतं, चालण्याने सांधे आणि स्नायू ठीक राहतात, म्हणून चालवायचं, पण सहाच्या आत किंवा रात्री रस्ता गार झाल्यावर, रस्त्यावर हाताची उलटी बाजू टेकवून बघायची, आपल्याला नाही सहन झालं तर त्याच्या पंजांनाही नाही. सुरुवातीला दहा मिनिटं दोनदा. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या, पॉमेरियनची तर श्वासनलिकाच नाजूक असते. डॅशहंडवाल्यांनी सोफ्यावरून उड्या आणि जिने बंद करावेत, त्यांची पाठ गेली तर मग वजनाचा विषयच मागे पडतो.

घाईवरूनच आठवलं. एका ओळखीच्या काकूंनी त्यांच्या पॉमेरियनला त्यांच्यासोबत चतुर्थीचा उपास धरायला लावला, आणि रात्री चंद्र बघून दोघांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. मी हसले, पण अशा छोट्या जातींना लांब उपाशी ठेवलं तर साखर उतरून ते गळून पडू शकतात, आणि एकदम अर्धं खाणं कापलं की चरबीसोबत स्नायूही जातात. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, फार तर दोन टक्के, एवढंच उतरायला हवं. १२ किलोच्या कुत्र्याला हे १२० ते २४० ग्रॅम. ज्यांना महिन्यात फोटो टाकायचाय त्यांनी दुसरा छंद बघावा.

सगळ्यांना थायरॉइड हवा असतो

खरंच, रिपोर्ट नॉर्मल आला की लोकांचे चेहरे पडतात. थायरॉइड असतो काहींना, सुस्ती, दोन्ही बाजूंनी सारखे केस जाणं, थंडी वाजणं अशी लक्षणं असतात. खूप पाणी पिणं, सारखं लघवीला जाणं, लटकणारं पोट आणि विरळ केस असतील तर कुशिंगचं (अंगात कॉर्टिसॉल हे हॉर्मोन जास्त होण्याचा आजार) बघतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर भूक वाढतेच. म्हणून सुरुवात करायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवा, पण डॉक्टरांना खाणं सांगताना सेवेसकट सांगा. नसबंदीलाही दोष देतात. नसबंदीनंतर गरज चांगलीच कमी होते हे खरं, मग खाणं त्याच आठवड्यात कमी करायचं असतं, ते कोणी करत नाही.

वजन कशावर करायचं

बाथरूमच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहणं आणि आपलं वजन वजा करणं, यात दोनशे-तीनशे ग्रॅमची गडबड सहज होते, आणि आपल्याला शोधायचेत १२० ग्रॅम. मी छोटूला किराणावाल्याच्या पोत्याच्या काट्यावर बसवते, दर दुसऱ्या रविवारी, सकाळी खाण्याआधी. वहीत लिहिते. रोज वजन करू नका, वेड लागेल.

झिपऱ्या कुत्र्याकडे नुसतं डोळ्यांनी बघून काही कळत नाही, हात लावा. आपली मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा, बरगड्या तशा लागल्या तर जास्तच बारीक. हात सरळ पसरून मागची बाजू चाचपा, तशा लागल्या तर बरोबर. तळहातासारखं लागलं तर तुम्ही हा लेख अर्धवट वाचू नका.

भूक लागली म्हणून रडतो त्याचं काय? दोन वेळचं चार वेळेला वाटा, दुधी, फरसबी, भोपळा वाफवून थोडा मिसळा, मीठ-तेल काही नाही. गाजर बारीक चिरून, मोठा तुकडा अडकतो. छोटूचं रडणं तिसऱ्या आठवड्यात कमी झालं, थांबलं नाही, अजूनही फ्रिज उघडला की येतो.

मध्येच वजन अडकलं तर घाबरू नका, आमचं १०.४ वर पाच आठवडे अडकलं होतं. आधी घरच्यांची उलटतपासणी, मग परत काटा, आणि तेही ठीक असेल तर खाणं पाच-दहा टक्क्यांनी कमी, तेही डॉक्टरांना विचारून. आमच्यावेळी उलटतपासणीतच सापडलं, शेजारची छोटी गॅलरीच्या जाळीतून रोज शाळेतून आल्यावर उरलेला पराठा देत होती. तिलाही आता काकडीची डबी दिलीये.