मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, आता उपचार कसा निवडायचा?

लघवीतून लाल गेलं की आपल्याकडे आधी ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणतात, मग मूतखडा. आमच्या आबांचे दोन महिने असेच गेले. दुखत नव्हतं ना! (या आजारात सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच.) मग दुर्बिणीतून गाठ काढली, बायॉप्सीत कॅन्सर आला आणि त्याच संध्याकाळी ओटीवर सल्ले सुरू झाले. रिपोर्ट मात्र कुणीच वाचला नव्हता.

आधी रिपोर्ट वाचा. गाठ लो ग्रेड (सावकाश वाढणारी) की हाय ग्रेड (झपाट्याने वाढणारी) आणि ती किती खोल गेली, हे त्यात लिहिलेलं असतं. टीए म्हणजे आतल्या अस्तरापुरती, टी१ म्हणजे त्याखालच्या थरात, टी२ म्हणजे भिंतीच्या स्नायूत. सगळा निर्णय या स्नायूवर ठरतो. म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा, ‘तपासलेल्या तुकड्यात स्नायू आला होता का?’ तो आलाच नसेल, तर ‘स्नायूत पसरलेला नाही’ यावर विसंबता येत नाही. आबांच्या रिपोर्टात स्नायूचा उल्लेखच नव्हता. आम्ही विचारलं नाही, आणि तीन आठवडे गेल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी ते दाखवलं. अशा वेळी, आणि टी१ असतानाही, साधारण दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीतून पुन्हा खरवडून बघतात. पहिलं ऑपरेशन फसलं, असा त्याचा अर्थ नाही.

स्नायूत नसेल तर बहुतेकांचं मूत्राशय राहतं. हाय ग्रेड असेल तर बीसीजी देतात. क्षयाच्या लसीतलेच जिवंत, दुबळे केलेले जंतू नळीने मूत्राशयात सोडायचे आणि सुमारे दोन तास लघवी धरायची. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे, आणि पुढे ठरावीक अंतराने एक ते तीन वर्षं. घरात कुणाला क्षय झाला असेल तर आधीच सांगा. गावाहून सहा खेपा कशा करायच्या, सोबत कोण येणार, हेही तेव्हाच ठरवा.

स्नायूत शिरला असेल तर दोन मुख्य वाटा आहेत. पहिली, मूत्राशय काढणं; मूत्रपिंडं सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध सोसणारी असतील तर त्याआधी किमो. दुसरी, दुर्बिणीतून गाठ शक्य तेवढी काढून किमो आणि रेडिएशन. ही सगळ्यांना चालत नाही. गाठ एकच असेल आणि मूत्रपिंड तुंबून सुजलेलं नसेल, तर ती जास्त जमते. शरीरात दूर पसरला असेल तर निर्णय वेगळा असतो. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं, म्हणजे शहरात राहणं आलं. परळच्या टाटा हॉस्पिटलात जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. शिवाय वाचलेल्या मूत्राशयाची तपासणी पुढेही करतच राहावी लागते, आणि कॅन्सर उलटला तर ते काढावं लागू शकतं.

काढायचं ठरलं, तर लघवी कुठून जाणार हा प्रश्न. पोटावर छिद्र करून बाहेर पिशवी लावतात किंवा आतड्याचंच नवं मूत्राशय बनवतात. नव्या मूत्राशयाला लघवीची भावना पूर्वीसारखी कळत नाही. घड्याळ लावून जावं लागतं, सुरुवातीला रात्री उठावं लागतं, कधी स्वतः नळी घालावी लागते. ज्यांच्या घरी संडास अंगणापलीकडे आहे, त्यांनी पावसाळ्यातल्या रात्रींचा विचार आधी करावा. बाहेरची पिशवी सांभाळायला सोपी, पण घामाने तिची चिकट पट्टी लवकर सुटते. छिद्राची जागा ऑपरेशनआधी बसून, वाकून, नेहमीची लुंगी किंवा साडी नेसून ठरवून घ्या.

वेळ पाळा. दुसरं मत जरूर घ्या, पण काढायचं ठरलं आणि आधी किमो नसेल, तर निदानापासून तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन व्हावं. ‘गणपती होऊ दे, मग बघू’ इथे चालत नाही. विडी-सिगारेट आजच बंद. खर्चासाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले योजनेची चौकशी करा.

आबांना डॉक्टरांनी दोन्ही वाटा समजावल्या. त्यांनी एकच विचारलं, ‘लावणीला शेतात उतरता येईल का?’ काही महिन्यांनी, जपून, असं उत्तर मिळालं. तोवर आम्ही मुलं आपापसातच वाद घालत होतो. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी मूत्राशय काढून बाहेरची पिशवी निवडली.