संघटनेचं तांत्रिक काम: ठरवायचं कसं, सोपवायचं कसं

घरकामगारांची संघटना असो, सफाई कामगारांची युनियन असो की वस्तीतली अभ्यासिका, तिचं तांत्रिक काम करायला स्वयंसेवक म्हणून गेलात तर पहिल्या बैठकीत लॅपटॉप उघडू नका. अ‍ॅप आधी तयार होतं आणि गरज नंतर विचारली जाते, तिथेच बहुतेक कामं फसतात. मुंबईत मानखुर्दच्या एखाद्या संघटनेला सभासदांची नोंद हवी असेल तर आधी त्यांची वही बघा. कोण लिहितं, पावती कोण फाडतं, थकलेली वर्गणी कुठे मांडतात?

बैठक रविवारीच जमते, म्हणून लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) बघून वेळ ठरवा. मानखुर्दच्या हार्बर मार्गावर ब्लॉक असेल तर तो साधारण ११ ते ४ चालतो. त्यात साडेअकराची वेळ दिलीत की मानखुर्दच्या ताई पोचणार नाहीत आणि तुमच्यातले दादरकर निर्णय घेऊन मोकळे होतील. संघटनेच्या किमान दोघी हजर नसतील तर काहीही ठरवायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच करा.

प्रस्ताव तीन दिवस आधी, साध्या मराठीत पाठवा. ‘डेटाबेस मायग्रेट करूया’ हा प्रस्ताव नव्हे. ‘जुनी यादी एका शीटमध्ये आणायची, ती फक्त चौघींना उघडता येईल’ हा प्रस्ताव. बैठकीत पहिली फेरी नुसत्या शंकांची. दुसरीत एकेकाने मत सांगायचं. कोड लिहिणारे आणि जुने कार्यकर्ते शेवटी, कारण ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. मग सगळ्यांनी एकदम हात वर करायचे. पाच बोटं म्हणजे पूर्ण पाठिंबा, तीन म्हणजे चालेल, एक म्हणजे पटत नाही पण अडवत नाही. मूठ म्हणजे थांबा.

मूठ दाखवणाऱ्याने नुकसान काय ते सांगायचं. ‘मला आवडत नाही’ एवढ्यावर मूठ चालत नाही. ‘मालकिणीचं नाव-पत्ता यादीत आहे, यादी फुटली तर बाईचं काम जाईल’ यावर चालते. तो रकाना काढला की बहुधा मूठ उघडते. (आधार क्रमांकाचा रकाना तर ठेवूच नका.) दोन बैठका अडलं तर महिनाभर करून बघा, फेरविचाराची तारीख मात्र त्याच दिवशी लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे अंगठे संमती म्हणून धरू नका. अर्ध्या लोकांनी ते न वाचता दिलेले असतात. वेबसाइट बंद पडली तर कोण एकटं हात घालू शकतं, हे मात्र आधीच ठरवून ठेवा. त्याने २४ तासांत सगळ्यांना कळवायचं.

जुनी यादी श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर शीटमध्ये नावांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येतील अशा अक्षरांत येते, पण रफार आणि ‘ऱ्ह’सारखी जोडाक्षरं हमखास बिघडतात: शिर्के, सुर्वे, कऱ्हाडे. पहिली ५० नावं वही लिहिणाऱ्या ताईंसोबत मोठ्याने वाचा. मूळ फाइल पुसू नका.

निर्णयांसाठी एक वही पुरते: तारीख, काय ठरलं, का ठरलं, हरकत कोणती होती, पुन्हा कधी बघायचं. ‘का’ लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी तोच वाद नव्याने होतो.

सगळ्यात जास्त घोळ चाव्यांचा, म्हणजे खाती आणि पासवर्डचा. डोमेन (वेबसाइटचं नाव) कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर घेतलेलं असतं, तो नोकरीसाठी बंगळुरूला जातो आणि नूतनीकरणाची सूचना कुणालाच दिसत नाही. डोमेन, ईमेल, सिम सगळं संघटनेच्या नावावर घ्या. पासवर्ड संघटनेच्या दोघींकडे आणि तुमच्यातल्या एकाकडे. दुहेरी पडताळणीचे बॅकअप कोड (ओटीपी मिळाला नाही तर लागणारे) छापून ऑफिसच्या कपाटात ठेवा. ऑटो-रिन्यूवर विसंबू नका: २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) नियमांमुळे परदेशी कंपन्यांची कार्डावरची आपोआप वसुली बऱ्याचदा अडते. नूतनीकरणाच्या महिनाभर आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ओटीपी येणाऱ्या सिमचं रिचार्जही तिथेच टिपा. ९० दिवस वापर नसला तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो, मग ओटीपीही त्याच्याकडेच जातील.