‘अव्हॉइडन्स’चं मराठी करताना: टाळणं, चुकवणं की रद्द करणं?

सांगली-साताऱ्यात करारनाम्यांची, कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करणाऱ्यांना हा शब्द हमखास अडवतो. शब्दकोशातलं ‘टाळणे’ सरसकट बसवलं की अर्थ घसरतो.

आधी कर. ‘टॅक्स अव्हॉइडन्स’ म्हणजे कायद्यातल्या फटी वापरून कर कमी करणं. ‘टॅक्स इव्हेजन’ म्हणजे उत्पन्न लपवून कर बुडवणं. शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त असतं, म्हणून सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्यानं व्यापाराचा नफा शेतीचा म्हणून दाखवला, तर ते इव्हेजन. पहिल्याला ‘करटाळणी’ आणि दुसऱ्याला ‘करचुकवेगिरी’ म्हणा. अदलाबदल झाली तर कायद्यात राहिलेल्या माणसावर गुन्ह्याचा शिक्का बसतो. अर्थात अव्हॉइडन्सलाही मोकळं रान नाही: मुख्यतः कर वाचवायला रचलेल्या व्यवहारांसाठी 1 एप्रिल 2017 पासून ‘गार’ (जनरल अँटी-अव्हॉइडन्स रूल्स), म्हणजे करटाळणीला आळा घालणारे नियम लागू झाले.

खरी मेख मात्र कायद्याच्या दुसऱ्या अर्थात आहे. तिथे हाच शब्द ‘रद्दबातल करणं’ या अर्थानेही येतो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत कलम 45 च्या शीर्षकात तो कवडीमोलानं केलेल्या व्यवहारांबाबत आहे. तिथे ‘व्यवहार टाळणे’ लिहिलं तर वाक्य उलटंच होतं, कारण व्यवहार होऊन गेलेला असतो आणि तो मोडायचा असतो. शब्दापुढे आधीच झालेला करार किंवा व्यवहार दिसला, की ही शंका घ्यायचीच. ‘फॉर द अव्हॉइडन्स ऑफ डाउट’ला मात्र ‘संदिग्धता राहू नये म्हणून’ पुरतं.

‘प्रिव्हेन्शन’शीही गल्लत होते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की काठची जनावरं हलवणं हे अव्हॉइडन्स, म्हणजे आपण वाटेतून बाजूला होणं. कोयनेत पाणी धरून पूर येऊच न देणं हे प्रिव्हेन्शन.

इंग्रजीत लिहिताना या नामाला ‘ऑफ’ जोडा. ‘पासून दूर राहणं’ डोक्यात असल्यानं आपल्याकडे ‘फ्रॉम’ लिहिलं जातं, ते चूक. ‘जायचं टाळलं’मुळे ‘अव्हॉइडेड टू गो’ही होतं, बरोबर रूप ‘अव्हॉइडेड गोइंग’. स्पेलिंगच्या शेवटी ए-एन-सी-ई, ई-एन-सी-ई नव्हे. उच्चारात जोर ‘व्हॉइ’वर. अनेकवचन सहसा करत नाहीत.

कामचुकार माणसासाठी हा शब्द नकोच; त्याला इंग्रजीत ‘शर्कर’ म्हणतात.