अमेरिकेच्या वाटेवर तीन दिवसांचा मुक्काम

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याहून अमेरिकेत मुलाकडे, अथवा लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या जोडप्याचा विमानप्रवास खरे तर रेल्वेच्या फलाटावरच सुरू होतो. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, दिवसभर नातेवाइकांकडे टेकायचे, मध्यरात्री विमानतळावर पोहोचायचे, पहाटेच्या विमानाने तीन-साडेतीन तासांत आखात गाठायचे आणि तेथे पुढच्या विमानाची वाट पाहत सात-आठ तास, कधी त्याहून दुप्पट वेळ, खुर्चीत अवघडून बसायचे. त्यानंतर चौदा-पंधरा तासांचे उड्डाण उरलेलेच असते. पहिल्या खेपेस आम्ही दोघांनी अशा एका विमानतळावर सतरा तास काढले. काचेपलीकडे शहराचे दिवे दिसत होते आणि तेथे जाता येते, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. ठाऊक असते तरी मुक्काम करता आला नसता, कारण तिकीट तसे काढलेले नव्हते. मधल्या थांब्याचा मुक्काम करायचा असेल तर तो तिकीट काढतानाच ठरवावा लागतो. विमानतळावर उतरल्यावर तो सुचून फारसा उपयोग होत नाही.

यातील दोन शब्दांचा भेद आधी समजून घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधल्या शहरात चोवीस तासांपेक्षा कमी वेळ थांबल्यास त्याला लेओव्हर म्हणतात आणि चोवीस तासांहून अधिक थांबल्यास तो स्टॉपओव्हर होतो. रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या तिकिटावर वाटेत उतरून दोन दिवस राहण्याची ‘ब्रेक जर्नी’ची सोय ज्यांनी वापरली आहे, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. रेल्वेत मात्र ती सोय तिकीट हाती असताना घेता येते, तर विमानात ती तिकिटातच लिहिलेली असावी लागते.

त्यासाठी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ‘राउंड ट्रिप’ हा नेहमीचा पर्याय न निवडता ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडावा. उदाहरणार्थ, पहिल्या ओळीत गुरुवारी मुंबई ते अबुधाबी, दुसऱ्या ओळीत रविवारी अबुधाबी ते शिकागो आणि तिसऱ्या ओळीत परतीची तारीख भरावी. त्यानंतर हेच भाडे साध्या परतीच्या तिकिटाच्या भाड्याशी ताडून पाहावे. तारखा एक-दोन दिवस पुढेमागे केल्यास फरक पुष्कळदा थोडाच उरतो, आणि तो फार येत असेल तर दुसऱ्या कंपनीकडे पाहावे. गावातील एजंटाकडून तिकीट काढत असाल तर ‘मध्ये थांबा हवा’ असे मोघम सांगू नये. किती रात्री, कोणत्या शहरात आणि सर्व टप्पे एकाच पीएनआरवर, असे कागदावर लिहून द्यावे. दोन स्वतंत्र तिकिटे स्वस्त पडतात म्हणून ती घेण्याचा मोह होतो. पण पहिले विमान चुकले तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही. शिवाय अमेरिकेच्या तिकिटावर सामानाचे सर्वसाधारणपणे प्रत्येकी 23 किलोचे दोन नग नेता येतात, तर आखातापर्यंतच्या सुट्या तिकिटावर सामानाची मर्यादा याहून बरीच कमी असू शकते. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: तिकिटातील एखादा टप्पा न कळवता सोडून दिला, तर पुढचे सर्व टप्पे आपोआप रद्द होतात.

आता व्हिसा. बहुतेक जण येथेच माघार घेतात आणि खरे तर आपले पारडे येथेच जड असते. अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असला की भारतीयांसाठी वाटेवरची अनेक दारे सोपी होतात. संयुक्त अरब अमिरातीत असा व्हिसा असलेल्या भारतीयांना उतरल्यावर शुल्क भरून चौदा दिवसांचा व्हिसा मिळतो. त्यासाठी पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिसा दोन्हींची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. तुर्कस्तानचा ई-व्हिसा याच आधारावर घरबसल्या काढता येतो. सिंगापुरात तिसऱ्या देशाकडे जाता-येता 96 तासांपर्यंत व्हिसाविना थांबता येते. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते स्वतः वाचावेत. शेजाऱ्याला गेल्या वर्षी मिळाला होता, एवढ्यावर विसंबू नये.

विमान कंपन्यांनाही आपण त्यांच्या शहरात थांबावे असे वाटते, कारण आपण तेथे पैसे खर्च करतो. म्हणून अबुधाबीची एतिहाद आपल्या प्रवाशांना स्टॉपओव्हरसाठी दोन रात्रींपर्यंत मोफत हॉटेल देते, तर दोह्याची कतार एअरवेज चार रात्रींपर्यंतची सवलतीची पॅकेजे विकते. ही सोय तिकिटाबरोबर आपोआप मिळत नाही. ती निघण्यापूर्वी वेगळी नोंदवावी लागते. हॉटेलात प्रवेश साधारणपणे दुपारी मिळतो आणि मुंबईचे पहाटेचे विमान सकाळीच पोहोचते, तेव्हा लवकर खोली मिळेल का, हे आधीच विचारून ठेवावे.

थांबा जाताना घ्यावा की येताना? माझे मत जातानाच्या बाजूने आहे. उतारवयात सलग वीस-बावीस तासांचा प्रवास पायांना सूज आणतो आणि परतीच्या वाटेवर घराची ओढ लागल्यावर कशातच मन रमत नाही. लेकीची तारीख जवळ आली असेल, तर मात्र हा विचार सरळ परतीवर ढकलावा. ऋतूही पाहावा. नोव्हेंबर ते मार्च हा आखातातला सुखाचा काळ असतो. भुसावळच्या मे महिन्यात तावून निघालेल्या माणसाला तेथील जूनची पर्वा वाटणार नाही, असा माझाही समज होता. पण आपले ऊन कोरडे असते आणि तेथे समुद्राचा दमटपणा त्यात मिसळतो, त्यामुळे दहा मिनिटांत अंगातले त्राण जाते.

सामानाबाबत खानदेशी घरांनी विशेष सावध राहावे. मुक्काम चोवीस तासांहून अधिक असल्याने सर्व बॅगा मधल्या शहरात हाती घ्याव्या लागतात, म्हणजे लेकीसाठी नेलेला डबाही त्या देशाच्या सीमाशुल्क तपासणीतून जातो. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. आपल्याला ती मसाल्यातली साधी वस्तू वाटते, तेथे तिची गणना अफूच्या झाडाच्या भागांत होते आणि शिक्षा कडक असते. त्यामुळे अनारसे आणि खसखस घातलेला घरचा काळा मसाला या वाटेने मुळीच नेऊ नये. बिबड्या, पापड, शेवया यांना ही अडचण नाही. औषधांपैकी कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्या-खोकल्याच्या बाटल्या तेथे नियंत्रित आहेत. त्या घेणे अपरिहार्य असेल तर तेथील आरोग्य खात्याची परवानगी आधी ऑनलाइन काढावी. रोजच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. तीन दिवसांचे कपडे एका लहान बॅगेत वेगळे भरले, म्हणजे मोठ्या बॅगा हॉटेलात उघडाव्याच लागत नाहीत.

अबुधाबीत गुरुवारी पोहोचून रविवारी निघावे, हे मी वर सहज लिहिले नाही. लूव्र संग्रहालय आणि बीएपीएस या स्वामिनारायण संस्थेचे मंदिर दोन्ही सोमवारी बंद असतात, आणि शेख झायद मशिदीत शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. गुरुवारी मुंबईच्या जागरणाची झोप पुरी करावी आणि ऊन उतरल्यावर कॉर्निश या समुद्रकिनाऱ्यावरच्या रस्त्याने फिरावे. शुक्रवारी सकाळी सादियात बेटावरील लूव्र पाहावे. 2017 साली उघडलेल्या या वास्तूचा घुमट 180 मीटर व्यासाचा असून त्याच्या जाळीतून ऊन ठिपक्यांनी खाली झिरपते, आणि आत संग्रहाइतकाच वेळ त्या घुमटाखाली जातो. संध्याकाळी मशीद पाहावी. प्रवेश मोफत असला तरी वेळेची नोंदणी आधी करावी लागते. स्त्रियांनी केस, हात आणि पाय झाकलेले असावे लागतात. साडीपेक्षा पूर्ण बाह्यांचा सैल पंजाबी ड्रेस आणि ओढणी तेथे सोयीची ठरते. दिवे लागण्याच्या सुमारास पांढऱ्या संगमरवराचा रंग पालटत जातो, म्हणून सूर्यास्तापूर्वीची वेळ घ्यावी.

शनिवार मंदिरासाठी राखून ठेवावा. फेब्रुवारी 2024 मध्ये उघडलेले हे मंदिर राजस्थानचा गुलाबी वालुकाश्म आणि इटलीचा संगमरवर वापरून घडवलेले आहे. त्याची सात शिखरे सात अमिरातींसाठी आहेत. यावल-रावेर पट्ट्यातील स्वामिनारायण संप्रदायाच्या घरांना याचे वेगळे अप्रूप वाटेल. मंदिर शहराबाहेर दुबईच्या महामार्गालगत आहे, तेव्हा टॅक्सी परतीसह ठरवावी. येथवर आलोच आहोत तर दुबईही उरकू, असे कोणीतरी म्हणतेच. तसे करू नये. उंच इमारती गाडीच्या काचेतून पाहून परत येण्यात दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या लांब उड्डाणाआधी शरीर थकते.

जेवणाची चिंता नसावी. भारतीय खानावळी जागोजागी आहेत आणि टॅक्सीवाल्यांशी हिंदीत बोलता येते. एखाद्या अरबी उपाहारगृहात ‘मुतब्बल’ मात्र जरूर मागवावे: विस्तवावर भाजलेल्या वांग्याचा गर, तिळाची पेस्ट, लसूण आणि लिंबू. त्यात हिरवी मिरची, कांद्याची पात आणि शेंगदाणे नाहीत, त्यामुळे आपल्या भरिताची बरोबरी होत नाही. पण दोन्हींचे कुळ एक आहे, हे पहिल्या घासाला कळते.

निघण्याच्या दिवशी चार तास आधी विमानतळावर पोहोचावे. अबुधाबीत अमेरिकेच्या इमिग्रेशन आणि कस्टमची तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते. याचा मोठा लाभ असा की अमेरिकेत उतरल्यावर तासभर रांगेत उभे राहावे लागत नाही. बॅगा घेऊन थेट बाहेर पडता येते. प्रश्न मात्र येथेच विचारले जातात, म्हणून मुलाचा पत्ता, परतीचे तिकीट आणि सामानातल्या खाद्यपदार्थांची इंग्रजी यादी हाताशी असावी. ताजी फळे चालत नाहीत. रावेरची केळी कितीही गोड असली तरी ती मुंबईतच संपवावीत.

तिकीट आधीच काढून झाले असेल आणि थांबा चोवीस तासांच्या आतला असेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर साडेपाच ते चोवीस तासांच्या थांब्यासाठी अडीच तासांची मोफत सहल मिळते. तेथे चघळण्याची तंबाखू आणण्यास बंदी आहे, तेव्हा डबी-पुडी घरी ठेवावी. इस्तंबूलमध्ये टर्किश एअरलाइन्स सहा ते चोवीस तास थांबणाऱ्या आपल्या प्रवाशांना मोफत शहर दाखवते. 2025 च्या मे महिन्यातील भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यानंतर आपल्याकडील अनेकांनी तो देश टाळायचे ठरवले. तो ज्याचा त्याचा निर्णय आहे. गेलातच, तर मोठ्या बॅगा थेट पुढे जातात, याची खात्री मुंबईच्या काउंटरवर करून घ्यावी आणि हातातली पिशवी विमानतळावरच ठेवावी. सामान ठेवण्याच्या जागेवर तेथे ‘एमानेत’ अशी पाटी असते. स्टेशनवरच्या ‘अमानती सामान घर’ या पाटीतला शब्दही तोच आहे, त्यामुळे ती ओळखायला भाषांतराची गरज पडत नाही.