सॅम्पलचं फोल्डर हातात आलं की: स्टुडिओत नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी म्युझिक प्रोग्रामिंग करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर वाद्यं वाजवून गाण्यांचे ट्रॅक बनवतो. शीर्षकगीतं, भावगीतांचे ट्रॅक, गणपतीच्या आधी आरत्यांची झुंबड. नवीन मुलं येतात तेव्हा सूर पक्का असतो, कीबोर्डवर हात चांगला असतो. गाडी अडते ती पहिल्याच आठवड्यात हातात पडणाऱ्या हार्ड डिस्कवर. तिच्यात सॅम्पल्स असतात, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या एकेका सुराची, थापेची रेकॉर्डिंग्ज. कुणाची ढोलकी कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमध्ये (सॅम्पल्स वाजवणारं सॉफ्टवेअर), कुणाची पेटी लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सॅम्पलरमध्ये, आणि समोरच्या कॉम्प्युटरवर यातलं काहीच नाही. फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये अशी बरीच वाद्यं 15 मिनिटं वाजतात आणि गप्प होतात. म्हणून वाद्याचं एका फाइल-प्रकारातून दुसऱ्यात रूपांतर करावं लागतं.

आधी फोल्डर उघडून बघा. आवाजाच्या वेव्ह फाइल्स एकीकडे आणि त्यांचा नकाशा दुसरीकडे: कोणती फाइल कोणत्या पट्टीवर, किती जोराने दाबल्यावर, आणि सूर लांबवायला तिचा कोणता तुकडा पुन्हापुन्हा फिरवायचा, म्हणजे लूप. रूपांतरात बहुतेक वेळा आवाजाला हातही लागत नाही, बदलतो तो नकाशा. म्हणून मी नवशिक्यांना एसएफझेड या नकाशाच्या फाइल-प्रकारापासून सुरुवात करायला सांगतो. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. लोकी (सर्वांत खालची पट्टी) 59, हायकी (सर्वांत वरची) 61, पिच कीसेंटर (मूळ रेकॉर्डिंगची पट्टी) 60 असं दिसलं, तर पांढरी एकचं रेकॉर्डिंग अर्धा सूर खाली आणि अर्धा सूर वर ओढून तीन पट्ट्यांना पुरवलं आहे. चार दिवस अशा फाइल्स नुसत्या वाचा. पुढचं निम्मं काम तिथेच सोपं होतं.

माझी पहिली मोठी चूक ढोलकीची. वाजवणाऱ्याने चाट चार वेळा वेगवेगळी रेकॉर्ड केली होती, म्हणजे एकच थाप सारखी ऐकू येऊन यंत्र वाजल्यासारखं वाटू नये. एसएफझेडमध्ये या चार थापा आळीपाळीने वाजवण्याची सोय आहे. साउंडफाँट या दुसऱ्या फाइल-प्रकारात, म्हणजे एसएफटूमध्ये, ती नाही. मी बिनधास्त रूपांतर केलं आणि सकाळी अकराच्या रेकॉर्डिंगला लावून मोकळा झालो. पहिल्याच ठेक्याला चारही चाटा एकदम वाजल्या. आमचे रेकॉर्डिस्ट दादा हेडफोन काढून म्हणाले, "अरे, ही ढोलकी आहे की ताशा?" गायिका बूथमध्ये उभी, आणि मी घाम पुसत एकेक थर बंद करतोय. मूळ फोल्डरला हात लावला नव्हता म्हणून तासाभरात निभावलं. तेव्हापासून तालवाद्य असेल तर मी एसएफटूकडे जातच नाही. एसएफझेड करून स्फोर्झांडोमध्ये वाजवतो, नाहीतर डिसेंट सॅम्पलरमध्ये. हे दोन्ही सॅम्पलर मोफत आहेत.

पेटीची गोष्ट निराळी. तिथे लांब सूर धरायचा असतो, म्हणून लूप जपावा लागतो. आवाजाचं मोजमाप सेकंदाला हजारो वेळा होतं; त्या प्रत्येक मोजमापालाही सॅम्पलच म्हणतात, आणि सेकंदाला किती मोजमापं हा सॅम्पल रेट. 48 किलोहर्ट्झची (सेकंदाला 48,000) फाइल 44.1 वर आणली की सगळे आकडे सरकतात: 96,000व्या सॅम्पलवरचा लूपबिंदू 88,200वर यायला हवा. नकाशात जुना आकडा राहिला तर लूप भलतीकडेच वळतो आणि दर फेरीला टक् असा आवाज येतो. दुसरी खोच याहून बारीक आहे. लूपचा शेवट लिहिताना एसएफझेड शेवटचा वाजणारा सॅम्पल मोजतं, एसएफटू त्याच्या पुढचा. फरक एकाचाच, पण लूप लहान असेल तर सूर किंचित हलतो, आणि पेटीत तो लपत नाही. गरज नसेल तर सॅम्पल रेट बदलूच नका.

फाइलच्या नावावरून नकाशा बनवताना सप्तक तपासा. 60 क्रमांकाच्या पट्टीला कुणी सी 3 म्हणतं, कुणी सी 4. इथे चुकलात तर अख्खी पेटी एक सप्तक वर किंवा खाली जाते. नावं आखूडही ठेवा. एसएफटूमध्ये नावाला फक्त 20 अक्षरांची जागा असते, त्यामुळे लांबलचक नावांची शेपटं कापली जाऊन दहा फाइल्स एकाच नावाच्या होतात.

साधनांचं म्हणाल तर कन्व्हर्टविथमॉस आणि पॉलिफोन ही दोन शिका, तीही मोफतच. विकत घेतलेल्या कॉन्टॅक्ट लायब्ररीचे आवाज कुलूपबंद असतील तर ते कुलूप उघडायच्या खटपटीत पडू नका. परवान्यात मुभा नसते आणि ज्याने रात्री जागून ते वाद्य रेकॉर्ड केलं त्याच्या पोटावर पाय येतो. वाद्य हवंच असेल तर ठाण्यात पेटीवाले, संबळवाले पुष्कळ आहेत. त्यांना मानधन देऊन आपलंच सॅम्पलिंग करा.

तपासणीसाठी मी एक मिडी फाइल, म्हणजे कोणती पट्टी कधी आणि किती जोराने दाबायची याची नोंद, कायमची करून ठेवली आहे. प्रत्येक पट्टी तीन जोरांनी, 30, 80 आणि 120. मग एकच पट्टी लागोपाठ आठ वेळा. शेवटी प्रत्येक सूर वीस सेकंद धरलेला. मूळ वाद्यावर एकदा, रूपांतरित वाद्यावर एकदा, डोळे मिटून ऐकायचं. वेळ जातो आणि कंटाळाही येतो. कळव्याहून येणारी आमची नवी सहायक गेल्या महिन्यात असंच ऐकत बसली होती. काळी चारवर सतराव्या सेकंदाला तिने हात वर केला आणि म्हणाली, "दादा, इथे भाता अडकला." मी दोनदा ऐकलं, मग मला कळलं. लूपचा आकडा एकाने चुकला होता.