बंदुका आणि धातूच्या संग्राह्य वस्तू न गंजता कशा ठेवाव्यात

कपाटातली वस्तू गंजते ती बहुतेक वेळा तेल कमी पडलं म्हणून नाही, तर ती न पुसता, दमट हवेसकट बंद केली म्हणून. घामातलं मीठ पोलादावर राहिलं की ते ओलावा ओढून घेतं आणि काही दिवसांत बोटाचा ठसा गंजाच्या रूपात उमटतो. त्यावर कितीही तेल चोपडा, मीठ खालीच राहतं.

म्हणून आधी सफाई. बंदूक रिकामी आहे हे चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खोबणीत) बघून आणि बोटाने चाचपून पक्कं करा. काडतुसं वेगळी ठेवा. नळीत सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रव) लावलेला ब्रश फिरवा, मग कापडाचे तुकडे स्वच्छ आणि कोरडे बाहेर येईपर्यंत घाला. तलवारीचं किंवा खंजिराचं उघडं पातं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण ते लाकडाच्या पॉलिशला, लाखेला किंवा रंगाला लागू देऊ नका. इथून पुढे नायट्राइलचे हातमोजे घालूनच हात लावा.

तेलाचा थर बोटाला जाणवेल, पण ओघळणार नाही इतकाच हवा. जादा तेल खाली उतरून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं, म्हणून दीर्घकाळच्या साठवणीत बंदूक नळीचं तोंड खाली करून उभी ठेवलेली बरी. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे पाणी हटवायला चांगला. दीर्घकाळच्या साठवणीला मात्र गंजरोधक तेल किंवा ग्रीसच घ्या. नुसत्या मांडून ठेवायच्या वस्तूंना मायक्रोक्रिस्टलाइन मेण उत्तम. अगदी थोडं मेण मऊ कापडाने चोळा, सुकू द्या, मग पुसून चमक आणा. जुन्या वस्तूचा घट्ट बसलेला तपकिरी थर स्टील वूलने खरवडू नका. तो गेला की परत येत नाही.

सर्वांत जास्त नुकसान म्यान आणि फोमच्या पेट्या करतात. चामडं ओलावा धरतं, शिवाय कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात उरलेले असतात. पितळेवर हिरवा थर चढतो तो त्यामुळेच. पातं म्यानाबाहेर ठेवा, म्यान शेजारी. फोमही दमट हवेत ओला राहतो. व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणारा) कागद किंवा पिशवी पोलादाला चांगली, पण पितळ-तांब्यासाठी तिच्यावर तशी नोंद असेल तरच वापरा.

आता हवा. कपाटात हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र) ठेवा आणि सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखा. ६० च्या वर गंजाचा वेग वाढतो. ४० च्या बरीच खाली गेली तर लाकूड तडकतं. ओलावा शोषण्यासाठी ठेवलेलं नारिंगी सिलिका जेल हिरवं झालं की ११० ते १२० अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. मात्र दारातून हवा शिरत असेल तर जेल भराभर संपतं, आधी फटी बुजवा. थंड जागेतून उबदार खोलीत आणलेली वस्तू लगेच उघडू नका. बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड धातूवर दव धरतं.

महिन्याला एकदा बॅटरी मारून बघा: दस्त्याच्या टोकाची पट्टी, स्क्रूची डोकी, पट्ट्याच्या कड्या आणि पातं मुठीत शिरतं ती जागा. सुरुवात तिथूनच होते. आणि साठवलेली बंदूक झाडण्यापूर्वी नळीतलं तेल कोरड्या कापडाने पूर्ण काढा, कारण नळीत साचलेलं तेल दाब धोकादायक पातळीला नेऊ शकतं.