फिल्मच्या कडेकडून बघा

प्रोजेक्टला येणारी एम.एस्सी.ची मुलं चमकणाऱ्या पॉलिमरच्या पातळ फिल्मवर लेसर टाकतात, आत उजेड वाढतो का ते मोजायला, आणि समोरून बघत बसतात. खरा उजेड कडेतून निघतो, हे त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते.

पॉलिमर घ्या एमईएच-पीपीव्ही, उजेड पडला की केशरी-लाल चमकणारं. क्लोरोबेंझिनमध्ये मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, बाटलीला फॉइल गुंडाळून रात्रभर ढवळत ठेवा. फ्यूम हूडबाहेर, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर, बाटली उघडायची नाही. सकाळी सिरिंज फिल्टरमधून गाळून काचेवर टाका आणि काच २००० आरपीएमला मिनिटभर गरगर फिरवा (स्पिन करा), साधारण १०० नॅनोमीटरचा केशरी थर बसतो.

काचेच्या कडेला द्रावण साचून कंगोरा येतो, तिथून उजेड विखरतो. म्हणून स्पिन झाल्यावर काच उलटी करून मागच्या बाजूला हिऱ्याच्या टोकाने एकच रेघ ओढा आणि मोडा. ताज्या कडेला बोट लावू नका.

आता अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचा अंक. सुरुवातीला मी ऱ्होडामिन हा चमकणारा रंग घातलेली पीएमएमएची (ॲक्रिलिक प्लास्टिकची) फिल्म साध्या स्लाइडवर केली आणि तीन आठवडे घालवले. पीएमएमए १.४९, काच १.५१. फिल्मचा अंक काचेपेक्षा कमी, त्यामुळे प्रकाश फिल्ममध्ये कोंडलाच जात नव्हता, काचेत निसटत होता. एमईएच-पीपीव्हीचा अंक काचेपेक्षा बराच जास्त, म्हणून इतका पातळ थरसुद्धा प्रकाश धरून ठेवतो.

पंपासाठी, म्हणजे फिल्मला ऊर्जा द्यायला, एनडी-याग लेसरचे ५३२ नॅनोमीटरचे पल्स. त्या तरंगलांबीचा चष्मा सगळ्यांच्या डोळ्यांवर हवाच, दारात उभं राहून बघणाऱ्याच्याही. सिलिंड्रिकल लेन्सने चारेक मिलिमीटरची पट्टी पाडा, तिचं एक टोक बरोबर कडेवर आणा. वर्णपटमापकाचं फायबर कडेसमोर ठेवा, मध्ये ५५० नॅनोमीटरचा लाँगपास फिल्टर, त्याहून लांब तरंगलांबीच पुढे सोडणारा.

कमी ऊर्जेला वर्णपट पसरट दिसेल. हळूहळू वाढवत जा. एका टप्प्यावर ६२५ नॅनोमीटरच्या आसपास वर्णपटाचं टोक वर येतं आणि त्याची रुंदी ऐंशीएक नॅनोमीटरवरून दहाएकवर उतरते. इतक्या वर्षांनीही ते टोक उगवताना मी खुर्चीवरून उठते.

हवेत फिल्म लवकर जळते, ऑक्सिजन आणि उजेड मिळून पॉलिमरच्या रेणूंची साखळी तोडतात. फिल्मवर नायट्रोजनचा झोत सोडा, नाहीतर दर मापाला नवी जागा घ्या.

आणि वहीत याला लेसर लिहू नका, एएसई (ॲम्प्लिफाइड स्पॉन्टेनियस एमिशन) लिहा, म्हणजे आपोआप निघालेला उजेड फिल्ममधून जाता जाता वाढणं. फिल्मखाली ४०० नॅनोमीटरच्या आतबाहेर अंतराची ग्रेटिंग, म्हणजे समांतर बारीक चरे, कोरलीत, प्रकाश मागे-पुढे परतू लागला आणि नॅनोमीटरहून बारीक रेषा उमटली, की मग लेसर लिहा.